पुस्तकात बाराच दारं होती

तेंदूची पानं वाळू लागली की मला ते पुस्तक पेटीतून काढावंसं वाटतं, आणि हातात घेतलं की लाज वाटते. दर उन्हाळ्यात हे असंच होतं. यंदाही झालं. बी.ए.ची परीक्षा संपवून मी नागपूरहून सडक अर्जुनीला उतरले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेंदूपानांची पुडकी उन्हात मांडलेली होती. हिरवी, अर्धी तांबूस, पूर्ण तांबूस. त्यांचा एक कडवट, कोरडा वास असतो. त्या वासात ट्रकच्या धुराचा वास मिसळला की माझ्यासाठी सुट्टी सुरू होते. मी घरी पोचले, हातपाय धुतले, पेटी उघडली.

पुस्तक इंग्रजी आहे. त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. लहानपणी वाचलेल्या परीकथेसारख्या कादंबरीचं वेड अजून सुटलं नाही, हे सांगायला मला कॉलेजात नेहमी संकोच वाटला. एकदा वर्गात आमच्या प्राध्यापकांनी आवडतं पुस्तक विचारलं, तेव्हा मी एक जाडजूड, गंभीर नाव सांगून बसले होते. ते पुस्तक मी निम्मंही वाचलेलं नव्हतं. खरं आवडतं पुस्तक तेव्हा होस्टेलच्या खोलीत गादीखाली होतं.

गोष्ट साधी आहे. समुद्राकाठी एक गाव आहे. एके सकाळी तिथला वारा बंद होतो. होड्या जागच्या जागी उभ्या राहतात, पवनचक्क्या थांबतात, वाळत घातलेले कपडे हलत नाहीत. एका म्हाताऱ्या राजानं सगळा वारा नेऊन शंभर दारांच्या घरात कोंडलेला असतो. दिवे लावणाऱ्या एका माणसाची मुलगी वारा सोडवायला निघते. तिच्यासोबत एक लंगडं, तिरसट बदक असतं आणि ते बोलतं. बस, एवढंच. पण त्या घरातल्या खोल्या! एका खोलीत पाऊस खालून वर पडतो. एका खोलीत आधी उत्तर ऐकू येतं आणि मग त्याला जुळणारा प्रश्न शोधून विचारावा लागतो. एका खोलीत नुसत्या खुर्च्या आहेत, आणि प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी थकवा बसलेला आहे. मी चौदा वर्षांची असताना शाळेत पाठांतराचं बक्षीस म्हणून मला हे पुस्तक मिळालं. लाल फीत बांधलेली होती. फीत अजून आहे, खूण म्हणून ठेवते.

घराला दारं शंभर असली तरी पुस्तकात बाराच उघडतात. बाकीच्यांसमोरून मुलगी नुसती चालत जाते. माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमचं घर धानशेतीचं, पण काका बिडीचे सट्टेदार आहेत. कारखान्याकडून तंबाखू आणि पानं आणायची, गावातल्या बायकांना वाटायची, वळलेल्या बिड्या तपासून परत पाठवायच्या, हे त्यांचं काम. आमच्या अंगणात मोठा कडुनिंब आहे, म्हणून दहा-बारा बायका घरी न वळता तिथेच येऊन बसत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूट तंबाखू, बोटांची एक फिरकी, नखानं तोंड दुमडायचं, दोरा. मी मोजत असे, एका श्वासात एक बिडी व्हायची. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये राहणारी, सुट्टीत घरी येणारी मुलगी. खांबाशी बसून हे सगळं बघायची, बोलायची नाही. बोलले की बायका हसत.

"नोनी, तुह्या मराठीले इस्त्री करून आनली हाय का वं?" सयत्रा विचारायची. नोनी म्हणजे पोरी. सयत्रा माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती, पण तिचं लग्न झालेलं होतं आणि जीभ सगळ्यांत तिखट होती.

त्या अंगणात गोष्ट सांगायचं काम केजामायचं होतं. केजामाय सगळ्यांत म्हातारी. कपाळावर गोंदण, गळ्यात काळी पोत, बोटं आखडलेली. तिच्या गोष्टीत जंगल असे, वाघ असे, सासूच्या तावडीतून पळालेल्या सुना असत. मी त्या अर्धवट ऐकायची. तेच वाघ, त्याच सुना, असं मला वाटे. बायका ऐकता ऐकता झरझर वळत, आणि पंचवीस बिड्यांचा पहिला कट्टा बांधून झाला की प्रत्येक जण हात लांब करून चार-पाच बिड्या केजामायच्या सुपात टाकी. कुणी काही बोलत नसे. मीही कधी विचारलं नाही. नुसतं पाहिलं. बघणं म्हणजेच कळणं, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे.

पुस्तक मिळालं त्या वर्षीच्या मे महिन्यात मी ते घेऊन खांबाशी बसत असे. एका दुपारी सयत्रानं विचारलं, "रोज काय वाचून राहिली वं एवढं? नवऱ्याची चिठ्ठी हाय का?"

हशा पिकला. मी खाली मान घालून म्हटलं, "गोष्ट आहे."

"मंग सांग न. आमी का बयऱ्या हावो?"

मी सांगायला लागले. कशी लागले ते आजही मला नवल वाटतं, कारण वर्गात उभी राहिले की मला दोन वाक्यंही धड बोलता यायची नाहीत. पण बिडी वळणारीची नजर बोटांवर असते. दहा-बारा माणसं समोर बसलेली आणि एकही माझ्याकडे बघत नाही, असा श्रोता मला पुन्हा कधी मिळाला नाही. शब्द आपोआप येत गेले.

"वारा बंद झाला," मी म्हटलं.

"बरंच झालं," गिरजाबाई म्हणाली. "तंबाखू तं उडनार नाई."

समुद्र त्यांना सांगता येईना. नवेगाव बांधाच्या तलावापेक्षा मोठं पाणी, मी म्हटलं. बांधाहून मोठं म्हणजे केवढं? पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. "मंग त्याची पाळ कोनं बांधली?" गिरजाबाईनं विचारलं. पाळ नाही, म्हटल्यावर सगळ्यांचे हात क्षणभर थांबले. पाळ नाही तर पाणी थांबतं कसं? कॉन्व्हेंटात सहा वर्षं भूगोल शिकून हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता.

बदक तिसऱ्या दिवशी हिंदी बोलू लागलं. आमच्याकडे माणसाला राग आला की तो हिंदीत जातो, आणि बदक तर सदा रागावलेलं. "चल हट, रस्ता छोड!" असं मी राजाच्या शिपायाला बदकाच्या तोंडून म्हटलं, तेव्हा सयत्रानं हसता हसता सूप उलटं केलं. घरी परतताना बायका एकमेकींना बदकाच्या आवाजात हाका मारायच्या.

मला इतकं सुख कधीच झालं नव्हतं. हे मी लिहिते आहे, कारण ते खरं आहे, आणि पुढची लाज त्या सुखातूनच आली.

दुसऱ्याच दिवशी सयत्रानं आमच्या स्वयंपाकघरातलं सूप आणून माझ्यापुढे ठेवलं होतं. कट्टा झाला की हात लांब व्हायचे, आणि बिड्या माझ्या सुपात पडायच्या. मला वाटलं, ही शाबासकी. शाळेत टाळ्या वाजतात, फीत बांधलेली पुस्तकं मिळतात. इथे बिड्या मिळतात. मी त्या नीट रचून ठेवायची. संध्याकाळी काका सूप उचलत, "अरे वा, हमारी पंडिता!" म्हणत आणि एक शिलगावत. त्यांनी त्या ओढल्या, मित्रांना वाटल्या. मला त्यात गंमत वाटायची.

केजामाय रोज यायची. तिच्या जागी बसायची. ऐकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी निघताना ती माझ्यापाशी थांबली.

"नोनी, तुही गोष्ट सराले किती दिस लागतीन?"

"अजून पुष्कळ दारं आहेत, माय."

"किती?"

"शंभर," मी म्हटलं. केवढ्या आनंदानं म्हटलं! मला वाटलं, तिलाही चैन पडत नाही.

आणि मी गोष्ट लांबवली. बारा दारं संपत आली तशी मी माझी दारं घालू लागले. एक दार चिंचेच्या वासाचं. एका दाराआड सगळ्या हरवलेल्या सुया. बायकाही दारं मागू लागल्या. "एका दाराआड माहेर असू दे वं," सयत्रा एकदा खाली मान घालून म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात तिखट नव्हतं. तिचं माहेर छत्तीसगडाकडे होतं आणि दोन वर्षांत तिला कुणी न्यायला आलं नव्हतं. मी तिला माहेराची खोली दिली. मुलगी दार उघडते, तर आत चूल पेटलेली, आणि कुणीतरी न वळताच म्हणतं, आलीस? बैस. त्या दिवशी माझ्या सुपात सगळ्यांत जास्त बिड्या पडल्या.

मग तो शनिवार आला. दुपार उतरली होती. काका अंगणात खुर्ची टाकून कट्टे तपासत होते. सैल बिडी निघाली की बाजूला टाकायची, ती छाट. केजामायचे कट्टे नेहमीपेक्षा फारच थोडे होते.

"काऊन गं बुढी?" काका म्हणाले. "हाथ थक गए क्या?"

केजामायनं सूप झटकलं. "हात तं तीन सालापासून थकले, मालक. तोंड चालत होतं."

सयत्रानं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. काकांना काही कळलं नसावं. त्यांनी हात मागे नेला, माझ्या सुपातली एक बिडी घेतली आणि काडी ओढली.

त्या काडीच्या उजेडात, दिवसाउजेडी, मला सगळं दिसलं. त्या टाकलेल्या बिड्या शाबासकी नव्हत्या. सांगणारीचे हात मागे पडतात म्हणून ऐकणाऱ्या आपल्यातल्या भरून देतात. गोष्टीचा वाटा. तीन वर्षं केजामाय तिच्या आखडलेल्या बोटांवर जगत नव्हती, त्या वाघांवर आणि सुनांवर जगत होती. मी जणू तिचंच सूप उचलून माझ्यापुढे ठेवलं होतं. तिनं मला विचारलं होतं, किती दिवस? आणि मी म्हटलं होतं, शंभर.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर गेले नाही. डोकं दुखतं, असं आईला सांगितलं. खिडकीच्या फटीतून बघत राहिले. बायकांनी थोडा वेळ माझी वाट पाहिली. मग केजामायनं एका सुनेची गोष्ट काढली. "ते नोको माय," कुणीतरी म्हणालं, "वाऱ्याचं काय झालं?" केजामाय खाली वाकून पान कापू लागली. त्या दिवशी अंगणात गोष्टच झाली नाही. सुपं नुसती हलत होती. म्हणजे मी तिची जागा घेतली एवढंच नाही, तिच्या गोष्टींची चवही घालवली होती.

दुपारी ती खिडकीशी आली. आतून मला तिचं गोंदण आणि एक डोळा दिसत होता.

"डोक्शं दुखते का?"

"हो."

"मी आयकाले नाई आली, नोनी. मांगाले आली. ते वाऱ्याची गोष्ट मले सांग. शेवटापर्यंत. एकटीले. मंग त्याइले मी सांगीन."

किती सोपं होतं! तासाभराचं काम. बारा दारं, तळघर, शेवटचं दार, बदक काय करतं, वारा कसा सुटतो. तिच्या पोटाचा प्रश्न सुटला असता, माझ्या मनाचाही. पुस्तक माझ्या उशीखाली होतं.

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

"पुस्तक तं हाय न?"

"शेवटची पानं नाहीत त्याला."

का म्हटलं? मला फार लाज वाटत होती, तिच्यासमोर एक शब्द काढणं कठीण झालं होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मला ते द्यायचं नव्हतं. ते माझं होतं. अख्ख्या सडक अर्जुनीत ते मला एकटीला येत होतं, ते ज्या भाषेत होतं ती भाषा माझी होती, ते बक्षीस मला मिळालं होतं. सांगताना मी उदार होते, कारण सांगणारी मी होते. देऊन टाकायची वेळ आली तेव्हा माझी मूठ आवळली.

केजामायनं खिडकीच्या गजांतून हात आत घातला. "दाखव."

उशीखालून पुस्तक बाहेर डोकावत होतं, नाही म्हणता येईना. मी ते दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते उघडलंही नाही. तळहातावर ठेवलं, किंचित वरखाली केलं, अंगठ्यानं पाठ दाबून पाहिली. कट्ट्यात पंचवीसच्या जागी चोवीस असल्या तर तिच्या हाताला न मोजता कळायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत मी अंगणात बसले नाही. पुढच्या सुट्ट्यांत मामाकडे गेले, मैत्रिणीकडे गेले, घरी आले तरी वाचायचं आहे म्हणून आतच राहिले. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मग मुंबई राज्यात गेला. आता महाराष्ट्र झाला. एवढ्या काळात मी ते पुस्तक दर उन्हाळ्यात वाचलं आणि अंगणाकडे पाठ करून वाचलं.

त्याची ओढ कशात आहे, हे मला नीट सांगता येत नाही. चौदाव्या वर्षी मला त्यातली मुलगी व्हायचं होतं. अठराव्या वर्षी बदक आवडू लागलं, कारण ते खरं बोलतं. आता वाचते तेव्हा तिनं न उघडलेल्या दारांपाशी रेंगाळते. चांगल्या पुस्तकात लिहिलेल्याहून न लिहिलेलं जास्त असतं, आणि ते दर वर्षी वेगळं दिसतं, कदाचित म्हणूनच आपण परत जातो. पण माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली आहे. इंग्रजी ओळी वाचताना मला त्या अंगणातल्या बायकांच्या झाडीबोलीत ऐकू येतात. बदक हिंदीतच रागावतं. आणि सातव्या-आठव्या दारानंतर मी नकळत माहेराची खोली शोधू लागते. पानं मागेपुढे करते. ती नाही हे ठाऊक असतं. मग एवढं सुंदर पुस्तक मला अपुरं वाटतं, त्यातलं एक पान कुणीतरी फाडून नेल्यासारखं. त्याची पानं नाहीत, असं खोटं मी बोलले होते. ते माझ्यापुरतं खरं झालं.

यंदा मी सयत्राला गाठलं. तिला आता दोन मुलं आहेत. म्हटलं, मला बिडी वळायला शिकव.

"कायले? बी.ए. होऊन बिड्या बांधतं का आता?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली. चार दिवस आमच्या मागच्या पडवीत तिनं मला शिकवलं. माझी पानं फाटली, तंबाखू सांडली, दोरा सुटला. पाचव्या दिवशी पाच बिड्या अशा झाल्या की त्यांना बिड्या म्हणता आलं असतं.

त्या घेऊन काल दुपारी मी अंगणात गेले आणि सगळ्यांच्या मागे बसले. केजामाय कडुनिंबाला टेकून होती. तिला आता दिसत नाही. मांडीवर सूप होतं, पण त्यात पानं नव्हती, तंबाखू नव्हती. सूप बिड्यांनी भरलेलं होतं, आणि ती सांगत होती.

"...मंग बदक म्हनते, चल हट, इस दरवाजे में क्या है? अन् पोरगी म्हनते, मले काय मालूम? उघडून पाहू."

तीच गोष्ट, मी अर्धी सोडलेली. नव्या बायका होत्या, कुणाच्या तरी सुना, मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांना हे सगळं ओळखीचं होतं. एकीनं विचारलं, "माय, आता अजून किती दारं रायली?"

"हायेत अजून," केजामाय म्हणाली. "तू हात चालव."

कट्टे बांधून झाले, हात लांब होऊ लागले. मी उठले, पुढे गेले आणि माझ्या पाच बिड्या तिच्या सुपात ठेवल्या. तिची बोटं लगेच त्यांवर आली.

"हे कोन?"

सयत्रा बोलणार होती. मी तिला हातानं थांबवलं. कितीतरी वाक्यं मी तयार करून आणली होती. त्यातलं एकच तोंडातून निघालं.

"शेवटची पानं होती, माय."

अंगणात बाकी कुणाला काही कळलं नाही. केजामाय माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसली होती. तिचे डोळे दुधाळ होते.

"मालूम हाय," ती म्हणाली. "हातात घेतलं होतं न मी."

मी उभीच राहिले. पायांखाली पाचोळा होता, तो वाजू नये म्हणून पायही हलवले नाहीत.

"किती दारं होती वं त्या पुस्तकात? खरं सांगजो."

"बारा."

"बाराच?" तिनं मान हलवली. "बारात कोनाचं पोट भरते?"

बायका हसल्या. ती हसली नाही. माझ्या पाच बिड्या तिनं एकेक करून अंगठा आणि तर्जनीत फिरवून पाहिल्या, मग पाचही माझ्या तळहातावर परत ठेवल्या.

"ढिल्या हायेत. छाटात जातीन. तुह्या काकाले दे. तो ओढते."

एवढं म्हणून ती पुन्हा झाडाला टेकली आणि तिनं गोष्टीतलं पुढचं दार उघडलं. मी तिथेच बसले, पाच सैल बिड्या मुठीत धरून, खाली मान घालून. त्या दाराआड काय होतं, ते मला माहीत नव्हतं.